घेतलं तेवढं ओतायचं

बंब पेटवायचं काम धीट माणसाला देऊ नये, असं माझं मत आहे. धीट माणूस झाकण उघडून पाहत नाही. "असेल की पाणी" म्हणतो आणि काडी ओढतो. आत पाणी कमी आणि खाली जाळ, असं झालं की तांब्याचे सांधे जोडणारा डाख वितळतो, आणि मग तो बंब जन्मभर ठिबकत राहतो. मी काडी ओढायच्या आधी झाकण उघडतो, बोट बुडवून पाहतो, झाकण लावतो. मग एकदा परत उघडून पाहतो. माणसं या स्वभावाला हसतात. बंबाला तो मानवला.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांना सांगायचं तर, तांब्याचं एक उभं पिंप समजा. मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळकांडं, त्यात जाळ. भोवती पाणी. बाजूला तोटी. वरून नारळाच्या करवंट्या, शेंड्या, लाकडाचे ढलपे टाकायचे आणि खालून राख ओढायची. यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं. मी ज्या कंपनीच्या पँट्रीत काम करतो तिथलं कॉफीचं मशीन बिघडलं की त्याच्यावर नुसता एक आकडा लुकलुकतो. त्या आकड्यापुढे हात जोडून उभं राहण्यापलीकडे मला काही करता येत नाही. बंब धुरावतो, सू सू करतो, तापला की आतून गुरगुरतो. काय हवंय ते सांगतो बिचारा.

मी चंद्रपूरच्याही पलीकडचा. नववीत असताना शाळेच्या गावाला जाणारी एसटी बंद झाली, आणि रोज चालत जावं इतकी काही शाळा मला आवडत नव्हती. पुढची काही वर्षं शेतात, वीटभट्टीवर गेली आणि विशीत एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर पुण्याला आलो. तेव्हा पुण्यात जिकडेतिकडे रस्ते खणायचे दिवस होते. नव्या कंपन्या, नवे फोन, आणि त्यांच्यासाठी जमिनीखालून जाणाऱ्या केबली. त्या केबलीतून काय जातं ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही खणायचो, दुसरे टाकायचे, आम्ही बुजवायचो.

कर्वेनगरच्या एका गल्लीत खणत असताना मला ताप भरला. थंडीचे दिवस होते. एका दुमजली घराच्या कुंपणाला टेकून मी हुडहुडत बसलो होतो. आतून एक बाई आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आत ये. इथे बसून माझ्या कुंपणाला ताप आणशील." त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि न्हाणीशेजारी बंबापाशी बसवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो बंब पाहिला. पाठ त्याच्याकडे करून बसलो आणि तसाच झोपलो.

त्या काकू. त्यांचे यजमान, काका, सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, भिंतभर पुस्तकं. जाग आल्यावर मी आत जाऊन जयभीम घातला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शिकलात किती?"

मला उभ्या आयुष्यात कोणी 'शिकलात' म्हणालं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय.

"नववी जी. म्हणजे, नववीत बसलो होतो."

"मग उठलात कधी?"

ही थट्टा आहे हे मला कळलंच नाही. मी त्यांना एसटीची सगळी हकीकत सांगितली, ड्रायव्हरच्या बदलीसकट. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. पुण्यातला माणूस टोमणा मारून झाल्यावर उत्तरही ऐकून घेतो, हे मला पुढे हळूहळू कळलं.

माझा ताप उतरला तोवर टोळी गाव बदलून पुढे निघून गेली होती. ताप उतरल्यावर काकूंनी आंघोळीला पाणी दिलं. मी न्हाणीतून बाहेर आलो तर काका दारात उभे.

"ओतलं का?"

"काय जी?"

"पाणी. एक बादली गरम घेतलीत, एक बादली गार बंबात ओतायची. घेतलं तेवढं ओतायचं. आणि ओतलं की मोठ्यानं 'ओतलं' म्हणायचं, म्हणजे जाळ सांभाळणाऱ्याला कळतं. या घरात मंत्र्याचा जावई जरी आंघोळीला आला तरी त्यानं ओरडायचं."

"आला होता?"

"अजून नाही. तुम्ही ओता."

मी बादली ओतली आणि "ओतलं जी!" म्हणून ओरडलो. काकूंना हसू आवरेना. 'जी' लावून ओरडणारा मी त्या घरातला पहिलाच.

काकांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. खाली वाकून राख ओढणं त्यांना जमत नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात एक खोली होती, जुनी सायकल आणि जळण ठेवायची. ते म्हणाले, "भाडं नको. सकाळी बंब पेटवायचा. पटतंय का बघा." मला न पटण्यासारखं त्यात काय होतं? पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: खोली बंबामुळे आहे. बंब आहे तोवर खोली आहे.

ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही, फक्त आईला. गावात पोलीस पाटलाच्या घरी फोन होता, तिथे ती यायची. मी म्हणालो, उद्या यांना बंब नको झाला तर मी कुठे जाऊ? आईला हा प्रश्न समजला नाही. तिनं विचारलं, "आंगोळीले गरम पाणी भेटते ना?"

"भेटते."

"मंग रायजो तेतंच."

सकाळ कशी व्हायची ते सांगतो. मी पेटवायचो. पहिली आंघोळ काकूंची, मग काकांची, मग पाहुणारावळा असेल त्याची, शेवटी माझी. दर आंघोळीनंतर न्हाणीतून हाक यायची, "ओतलं!" आणि मी दोन करवंट्या आत सोडायचो. काकूंची हाक तोकडी, काम उरकल्यासारखी. काकांची मात्र सभागृहात ठराव मांडल्यासारखी. आंघोळ झाली की काका बंबाजवळच खुर्ची टाकून पेपर वाचायचे, पाय उबेला. अग्रलेख लिहिणाऱ्याला दोन शब्द सुनवायचे आणि मला विचारायचे, "तुमचं काय म्हणणं?" माझं काय म्हणणं असणार! पण रोज विचारल्यावर हळूहळू थोडं थोडं म्हणणं तयार झालं. पेपर वाचायची सवय मला शाळेनं नाही लावली, बंबानं लावली.

अशाच एका सकाळी त्यांनी बंबाचा इतिहास सांगितला. त्यांचे वडील पुण्याच्या एका कारखान्यात कामगार होते. गावी असताना त्यांना विहिरीवर चढायची मुभा नव्हती. कोणी वरून ओतेल तेवढंच पाणी. पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या आणि खोलीत स्वतःचा नळ आला, तेव्हा त्यांनी आधी पलंग घेतला नाही, कपाट घेतलं नाही, बंब घेतला. आळीतल्या कोणीही येऊन आंघोळ करावी. नियम एकच. "घेतलं तेवढं ओतायचं," काका म्हणाले, "म्हणजे मागच्याला रिकामा बंब मिळत नाही." एवढं सांगून त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि भाववाढीवर बोलायला लागले.

दरम्यान माझं बरं चाललं होतं. काकांचा मुलगा संगणकाच्या कंपनीत होता. परदेशात जाण्याआधी त्यानं शब्द टाकून मला एका कंपनीच्या पँट्रीत लावून दिलं. काचेची इमारत, आत गार हवा, शंभर तऱ्हेचा चहा, आणि चवीला सगळे एकच. तिथले साहेब मला 'दादा' म्हणायचे. मी त्या सगळ्यांचे आभार मानतो, खरंच मानतो. नववीतून उठलेल्या माणसाला बसायला जागा कोण देतं? पण संध्याकाळी घरी येऊन उद्याच्या करवंट्या फोडून ठेवताना मला जेवढं स्थिर वाटायचं तेवढं दिवसभरात कशानं वाटायचं नाही.

मग मुलगा परत आला. बायको बरोबर होती, दोघांनाही इथेच नोकऱ्या. माणूस चांगला, अजूनही आहे. आल्याबरोबर त्यानं वडिलांना मिठी मारली, मला मिठी मारली, आणि बंबाच्या धुरानं त्याला शिंक आली.

"बाबा, सोलर बसवू या. इको-फ्रेंडली आहे, सबसिडी आहे, नळ उघडला की पाणी. तुम्ही या वयात बादल्या काय उचलताय?"

"उचलत नाही. ओततो," काका म्हणाले.

"तेच ते, बाबा."

मला मात्र पुढचं वाक्य ऐकू आलं. तो बायकोला सांगत होता, "मागची खोली मग फ्री होईल. तिथे माझं होम ऑफिस करू. अमेरिकेचे कॉल असतात, घरात सगळ्यांची झोपमोड नको."

त्यात चूक काहीच नव्हतं. घर त्याचं, वडील त्याचे, काळजीही बरोबर. मी पँट्रीत मित्रांना खोलीबद्दल विचारून ठेवलं. धायरीला भाड्यानं कॉट मिळेल असं एकानं सांगितलं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

गच्चीवर सोलर बसला. वरच्या मजल्यावर नवी बाथरूम झाली: गुळगुळीत फरशी, शॉवर, प्लॅस्टिकचं पांढरं दार. सोलरचं पाणी चांगलंच तापायचं, उगाच खोटं का बोला. आणि बंब दिवाणखान्यात ठेवायचं ठरलं, शोभेला. सूनबाई म्हणाल्या, "दादा, एकदा छान पॉलिश करून द्याल? इतकी ब्युटिफुल वस्तू मागे धूर खातेय." मी चिंच आणि मीठ लावून तो घासला. काजळी निघाली, आतून तांबूस सोनं निघालं. इतका देखणा तो कधी दिसला नव्हता. हॉलमध्ये नेऊन ठेवला, नळकांड्याच्या तोंडावर मनी प्लँटची बाटली. पाहुणे त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढायचे.

मी सकाळी त्याच वेळेला उठायचो आणि अंगणात नुसता उभा राहायचो. करायला काही नाही. पण पहिल्याच दिवशी वरच्या बाथरूममधून ठणठणीत आवाज आला: "ओतलं!"

काका. नळाखाली आंघोळ, बादली नाही, बंब नाही, आणि हाक मात्र चालू. सूनबाई जिन्यात हसल्या. मीही हसलो. खरं सांगायचं तर नुसतं हसू नव्हतं, जीव भांड्यात पडला होता. वाटलं, अजून काहीतरी शिल्लक आहे. मग ते रोजचंच झालं. वर "ओतलं!" आणि खाली मी, हात रिकामे, दोन करवंट्या टाकल्यासारखं करून चहाला जायचो.

असं महिनाभर चाललं असेल. रविवार होता. काकू सकाळच्या वंदनेसाठी विहारात गेल्या होत्या. मुलगा आणि सून टेकडीवर फिरायला. घरात काका आणि अंगणात मी. वर पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली. काकांची आंघोळ किती वेळ चालते ते मला अंगवळणी पडलं होतं. करवंट्यांच्या हिशेबानं म्हणा. तेवढा वेळ गेला. अजून थोडा गेला. पाणी वाहतच होतं. हाक नाही.

धीट माणूस म्हणाला असता, "असतील की." मी जिना चढलो.

"काका?"

मी दाराला कान लावला.

"काका, ओतलं का जी?"

नुसतं पाणी. माझ्या डोळ्यांसमोर ती गुळगुळीत फरशी आली, काकांचे गुडघे आले. मी दार ठोठावलं, मग दोन्ही हातांनी बडवलं, मग खांदा लावला. प्लॅस्टिकचंच ते, कडीसकट मोडून आत पडलं आणि मी त्याच्यावर.

काका शॉवरखाली उभे होते. पंचा नेसलेला, डोक्यावर साबणाचा पांढरा डोंगर. एका कानात बोट घालून साबण काढत होते. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं? आग लागली?"

"नाही जी... तुम्ही 'ओतलं' म्हणाले नाही. म्हणून मले वाटलं..."

"अहो, शॉवरखाली आहे मी. ओतू कशात? तुमच्या डोक्यावर?"

मी दाराचे तुकडे गोळा करायला लागलो. त्यांनी नळ बंद केला, डोळ्यांवरचा साबण पुसला आणि म्हणाले, "काल सूनबाईंनी विचारलं, बाबा, तुम्ही ते कोणाला सांगता? मला उत्तर सुचलं नाही. म्हणून आज हाक मारायचीच नाही असं ठरवलं." मोडलेल्या दाराकडे परत एकदा पाहिलं. "जरा महागात पडलं. तुकडे जपून उचला, खाली साबण आहे, पाय घसरेल."

मी खोलीत जाऊन पिशवी भरली. फार नव्हतं भरायला. खोली जाणार हे आधीच ठरलेलं होतं, आता त्याला कारणही मिळालं. नव्या बाथरूमचं नवं दार मोडणाऱ्याला कोण ठेवतं! फक्त सांगून जावं, न सांगता जाणं बरं नाही, म्हणून कॉटवर बसून राहिलो. बाहेर मुलाचा आवाज, सुनेचा आवाज, कोणीतरी जिना चढलं, उतरलं. मग काकूंनी हाक मारली, "पोहे गार होतायत. की तुझंही दार मोडून आत येऊ?"

सगळे टेबलाशी बसले होते. मी उभा.

मुलगा म्हणाला, "अरे, बस ना. कोणाला लागलं नाही, हेच महत्त्वाचं. दार काय, उद्या सुताराला बोलावतो."

"कशाला?" काका म्हणाले.

"बाबा, बाथरूमला दार नको?"

"तुला ऑफिस हवंय ना? वरच्या बाथरूममध्ये कर. दार नाही, हवा खेळती राहील."

सूनबाईंना पोह्यांचा ठसका लागला. मुलानं वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्याला अजून पिशवी होती. ती त्यानं तेव्हा पाहिली.

"तू कुठे निघालास?"

मी पिशवी पाठीमागे सरकवली. काकाच बोलले. "ते कुठे जात नाहीत. वर मी पुन्हा जाणार नाही. तिथे आतून कडी लावली की माणूस आहे की गेला, विचारायला कोणी नाही. ही एवढी अक्कल मला आज आली, तीही दार अंगावर आलं तेव्हा." मग माझ्याकडे वळून, "आता मी आंघोळ अर्धी टाकून आलोय. कानात साबण आहे. बंब कधी पेटतोय?"

"पण बाबा, बंब तर हॉलमध्ये..." मुलगा म्हणाला.

सूनबाईच उठल्या. त्यांनी मनी प्लँटची बाटली काढून खिडकीत ठेवली. मी आणि मुलगा, दोघांनी मिळून बंब उचलून अंगणात आणला. वाटेत तो मला हळूच म्हणाला, "सॉरी. मी खोलीचं बोललो ते तू ऐकलं असशील." मी म्हणालो, "नाही जी." पुढे त्यानं माळ्यावर ऑफिस केलं. उन्हाळ्यात तिथे फार तापतं, पण अमेरिकेला ते दिसत नाही.

बंबात पाणी भरलं. झाकण उघडून पाहिलं, लावलं, परत उघडून पाहिलं. काडी ओढली. इतकी घासूनपुसून लख्ख केलेली नळी पहिल्याच जाळात काळी झाली तेव्हा मला जे बरं वाटलं ते सांगण्यासारखं नाही.

सोलर अजून आहे. सून आणि मुलगा ते पाणी वापरतात. वरच्या बाथरूमला दारही आलं. त्यांच्या मुलीची पहिली आंघोळ मात्र काकूंनी बंबाच्या पाण्यानं घातली, आणि ती बोलायला लागली तेव्हा तिच्या पहिल्या चारपाच शब्दांत "ओतयं" हा एक होता. माझं लग्न झालं. खोलीला पत्र्याची पडवी वाढली. बायको गावाकडची, तिला आधी हे सगळं खुळं वाटलं, आता करवंट्या वाया गेल्या तर तीच मला बोलते. आई एकदा येऊन गेली. बंबाचं पाणी अंगावर घेतलं आणि म्हणाली, "सांगतलं होतं ना, रायजो." काळजी करायची सवय माझी गेलेली नाही. पाणी जाईल, घराची जागा बिल्डर मागेल, जळण मिळणं बंद होईल, असं काही ना काही डोक्यात चालतंच. पण सकाळी काडी ओढेपर्यंतच.

काका आता फार थकलेत. बादली उचलवत नाही. न्हाणीच्या दाराला आतून कडी लावायची नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय. आंघोळ झाली की ते दार ढकलून बाहेर येतात, खुर्चीत बसतात, पाय उबेला करतात. मी गार पाण्याची बादली उचलतो आणि बंबात रिकामी करतो. ती पूर्ण रिकामी झाली की नाही ते चष्म्यावरून नीट पाहतात. मगच म्हणतात.

"ओतलं."